विरोध केला, मत दिलं नाही

आमच्या ताई ती निवडणूक हरल्या, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत निकालाची वाट बघत बसेल, आणि माझं सांगणं निकालाबद्दल नाही. हरण्याची आमच्या पक्षाला सवय आहे. जिंकल्यावर काय करायचं यापेक्षा हरल्यावर काय करायचं हे आम्हाला कितीतरी चांगलं येतं. माझं सांगणं आहे ते एका ओळीबद्दल. ताईंच्या कार्यअहवालात पाळणाघराविषयी जी एक ओळ छापायची होती, ती लिहिण्यात तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत मी जेवढी चिडले तेवढी त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात मिळून चिडले नसेन.

ताई पाच वर्षं नगरसेविका होत्या. मग सभागृहाची मुदत संपली, निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या, प्रशासक आले आणि राहिले. नगरसेवक नावाचा प्राणी कसा दिसतो हे लोक विसरायला लागले, तेव्हा कुठे निवडणूक लागली. मधल्या काळात आमच्या भागातल्या बाकीच्या माजी नगरसेवकांनी पक्ष बदलून घेतले होते, एकाने तर दोनदा. ताईंचा पक्ष तोच होता. साडीसुद्धा बहुतेक तीच होती.

नगरसेविका होण्याआधी वीस वर्षं त्यांनी कर्वेनगरात घरकामगार बायकांची संघटना बांधली. पहाटे सहाला बसथांब्यावर उभ्या राहायच्या, कारण कामाला निघालेल्या बायका तिथेच भेटतात; घरी गेलं तर भेटत नाहीत आणि कामाच्या घरी गेलं तर हाकलतात. आठवड्याची एक सुट्टी मागण्यासाठी त्या एकदा एका सोसायटीच्या फाटकासमोर बायकांना घेऊन चार दिवस बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या अध्यक्षांनी खाली चहा पाठवला आणि निरोप दिला, "बसायला आमची हरकत नाही, फक्त दुपारी घोषणा नकोत, झोपमोड होते." ताईंनी चहा घेतला आणि दुपारीच घोषणा दिल्या. चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली. अजूनही त्या सोसायटीत रविवारी कामवाली येत नाही, आणि तिथले लोक ती आपलीच सुधारणा असल्यासारखं सांगतात.

देव त्या मानत नाहीत आणि ते लपवतही नाहीत. नगरसेविका असताना भूमिपूजनाला जावं लागायचं. नारळ हातात आला की तो त्या शेजारी उभ्या असलेल्या मुकादमाला द्यायच्या. "काम तुम्ही करणार, नारळही तुम्हीच फोडा," म्हणायच्या. मुकादम खूश, भटजी नाखूश. मुळात भूमिपूजनाला जायचंच का, यावर आमच्या शनिवार पेठेतल्या कार्यालयात एक आख्खी बैठक झाली होती. निर्णय झाला नाही. ताई जात राहिल्या.

हे सगळं मी जवळून पाहिलं, कारण माझं बालपण त्याच कार्यालयात आणि त्याच कार्यालयाच्या पत्रकांत गेलं. बाबा पक्षाची पत्रकं लिहायचे. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे, एका बाजूने छापलेले. कोऱ्या बाजूवर मी चित्रं काढायची, आई वाण्याची यादी करायची, आणि छापील बाजूवरून मी अक्षरं शिकले. चौथीत 'माझी आई' हा निबंध मी 'आजच्या गंभीर परिस्थितीत' या शब्दांनी सुरू केला होता. बाईंनी समासात लाल शाईने विचारलं होतं, "घरी सगळं ठीक ना?"

तर निवडणूक लागली आणि कार्यअहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं डोकं तेव्हा तापलेलंच होतं. दारात इतरांच्या गुळगुळीत कागदावरच्या पुस्तिका येऊन पडत होत्या. प्रत्येकीत बाकं. बाकावर बसलेले आजोबा, बाकाशेजारी उभे उमेदवार, बाकावर उमेदवाराचं नाव. मी बैठकीत म्हटलं, आपण बाकं छापायची नाहीत. आपण मतं छापायची. मुख्य सभेत पाच वर्षांत कोणकोणते ठराव आले आणि ताईंनी कशावर काय मत दिलं, एवढंच. एक सरळ तक्ता. लोकप्रतिनिधीचं काम मत देणं हे आहे, फरशा बसवणं नाही.

कार्यालय सांभाळणारे आमचे ज्येष्ठ सहकारी निवृत्त गणितशिक्षक आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. ते म्हणाले, "कल्पना चांगली आहे. लोकांना कंटाळा येईल, पण कल्पना चांगली आहे."

"लोकांना कंटाळा येत नाही सर. आपल्यालाच वाटतं लोक मठ्ठ आहेत."

"मी लोकांबद्दल नाही बोललो. मला आत्ताच आला."

तरी मंजूर झालं. मी अर्ज केला, वाट पाहिली आणि एके दिवशी महापालिकेत जुनी इतिवृत्तं बघायला जाऊन बसले. इतिवृत्त म्हणजे सभेत कोण काय बोललं आणि काय ठरलं त्याची छापील नोंद. जाडजूड खंड होते. तिथल्या बाई मदत करणाऱ्या होत्या. टेबल दिलं, पंखा लावून दिला. मी त्यांना विचारलं, एका सदस्याची पाच वर्षांतली मतं कुठे मिळतील?

त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "मतं अशी वेगळी नसतात हो. ठराव असतात."

"पण ठरावावर मतदान होत असेल ना?"

"मागितलं तर होतं."

हे मला माहीत असायला हवं होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत असायला हवं होतं. विषय पुकारला जातो, ज्यांना बोलायचं ते बोलतात, मग महापौर विचारतात मंजूर का, सभागृह म्हणतं मंजूर, आणि नोंद होते 'एकमताने मंजूर'. कुणाला विरोधात मत द्यायचं असेल तर त्याने उभं राहून एक वाक्य म्हणायचं: मतदान घ्या. मग नावं पुकारली जातात, आणि कोण बाजूने, कोण विरोधात, कोण तटस्थ हे कायमचं लिहिलं जातं. ते एक वाक्य म्हटलं नाही, तर तुम्ही तासभर कडाडून बोललात तरी त्या एकमतात तुम्हीही असता.

चार दिवस मी खंड उलटत होते. ताईंचं नाव पानोपानी होतं. त्या भरपूर बोलल्या होत्या आणि चांगलं बोलल्या होत्या. पाण्यावर, बसवर, सफाई कामगारांच्या हातमोज्यांवर. मतदान मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा झालं होतं. बहुतेक वेळा ते दुसऱ्याच कुणीतरी मागितलेलं, आणि त्यातलं एक तर एका चौकाला कुणाचं नाव द्यायचं यावर. त्या चौकाच्या नावावर ताई तटस्थ राहिल्याची नोंद आहे. ही माझ्या तक्त्याची पहिली ठळक ओळ होणार होती.

मग पाळणाघराचा ठराव सापडला.

कर्वेनगरातल्या वस्तीच्या तोंडाशी पालिकेची एक खोली होती. संघटनेने तिथे पाळणाघर चालवलं होतं. कामाला जाणाऱ्या बायका सकाळी पोरं सोडायच्या, दुपारी न्यायच्या. पोरं सांभाळायला वस्तीतल्याच एक मावशी होत्या. मोठा आवाज, मोठं कुंकू आणि पंधरा-वीस पोरांना एका नजरेत बसवण्याची ताकद. ती खोली आणि शेजारची मोकळी जागा वाहनतळासाठी द्यायची, असा ठराव ताई सभागृहात असतानाच झाला. पाळणाघर बंद झालं. आता तिथे गाड्या उभ्या असतात, आणि या बायका ज्यांची भांडी घासतात त्यांच्याच त्यातल्या पुष्कळशा आहेत. पण ताईंनी त्या ठरावाला विरोध केला होता, एकटीने, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. आमच्या प्रचाराचा तोच कणा होता. माझ्या तक्त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच असणार होती.

इतिवृत्तात त्या दिवशीचं ताईंचं भाषण चार पानं आहे. पहिलं पान जागतिक भांडवलशाहीचं संकट. दुसरं पान शहरांचं खासगीकरण. त्या पानाच्या मध्यावर एक सदस्य म्हणतो, "विषयावर बोला." ताई म्हणतात, "हाच विषय आहे." तिसऱ्या पानावर कष्टकरी स्त्रीच्या श्रमाचं मोल. इथे कंसात लिहिलंय, 'सदस्य मंजूर मंजूर म्हणतात'. चौथ्या पानाच्या शेवटी पाळणाघर येतं, सात ओळींत. भाषण संपतं, "म्हणून आमचा पक्ष या धोरणाचा तीव्र निषेध करतो" या वाक्याने. ताई खाली बसतात. आणि खाली एकच ओळ: ठराव एकमताने मंजूर.

मी ते भाषण तीनदा वाचलं. वाचायची गरज नव्हती. ते मला पाठ होतं, कारण ते मी लिहिलं होतं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा. ताईंनी सांगितलं होतं, उद्या पाळणाघराचा विषय येतोय, मुद्दे काढून दे. मी मुद्दे काढले नाहीत, मी पत्रक लिहिलं. बाबांनी वाचून पाठ थोपटली. एक स्वल्पविराम बदलला. चार पानांत कुठेही, एकदाही, 'मतदान घ्या' नव्हतं. मला ते सुचलंच नव्हतं. बाबांना सुचलं नाही, सरांना सुचलं नाही, आणि ताईंनी हातातला कागद शेवटच्या शब्दापर्यंत प्रामाणिकपणे वाचला. अशी चूक फक्त आमच्याच लोकांकडून होऊ शकते. दुसऱ्या पक्षातल्या, दहावी नापास, बाकावर नाव घालणाऱ्या कुठल्याही नगरसेवकाला हे कळलं असतं की आधी मत नोंदवायचं, मग वाटलं तर बोलायचं. आमच्याकडे बोलून झालं की काम झालं. निषेध नीट झाला की आम्ही तृप्त होऊन घरी जातो.

दुसऱ्या दिवशी मी ती झेरॉक्स सरांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा बदलून वाचली.

"भाषा अंमळ जड आहे," ते म्हणाले.

"सर, खाली बघा. शेवटची ओळ."

"बघितली. ती त्यांची लिहायची पद्धत आहे. तू लिही, 'पाळणाघर हटवण्याच्या ठरावाला ताईंनी सभागृहात ठाम विरोध केला.' हे खरं आहे की नाही?"

"खरं आहे."

"मग?"

"पण हा मतांचा तक्ता आहे सर. वर शीर्षक आहे, 'कोणत्या ठरावावर काय मत दिलं'. त्याच्याखाली 'ठाम विरोध' लिहिलं की वाचणारी समजणार विरोधात मत दिलं. आपल्यालाही तिने तसंच समजायला हवंय."

"मग शीर्षक बदल."

"सर."

"अगं, कोण जाणार आहे ती इतिवृत्तं बघायला? तू गेलीस. तुझ्याआधी बहुधा वाळवी गेली असेल."

हे खरंच होतं. कुणालाही कधीही कळलं नसतं. समोरच्या उमेदवारांनाही नाही. त्यांना स्वतःची मतं माहीत नव्हती, ताईंची कुठून असणार? आणि तेच मला सहन होत नव्हतं. आम्ही जन्मभर इतरांना नोंदी दाखवा, कागद दाखवा, लपवता का, म्हणून विचारत आलो होतो. माझ्या लहानपणीच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तेच असायचं. आणि आमच्या कागदावर गैरसोयीची एक ओळ निघाल्याबरोबर आमचे सर शीर्षक बदलायला निघाले.

त्या एका वाक्यावर तीन बैठका झाल्या. एकाने सुचवलं, 'तत्त्वतः विरोध'. एकाने सुचवलं, 'सभागृहाच्या अलोकशाही कार्यपद्धतीमुळे विरोधाची नोंद होऊ शकली नाही'. मी म्हटलं, कार्यपद्धतीने तोंड दाबलं नव्हतं, आपणच एक वाक्य बोललो नाही. तर तो म्हणाला, "तू फार व्यक्तिवादी विचार करतेस, कॉम्रेड." मी पिशवी उचलून बाहेर पडले आणि लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत स्कूटर काढताना स्वतःशीच एवढ्या मोठ्याने भांडले की शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, फोन खिशातच ऱ्हायलाय तुमचा."

ताईंना तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या प्रचारात आहेत, त्यांना त्रास नको, असं ठरलं होतं. मी तसं ठरवलं नव्हतं, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. त्या स्वयंपाकघरात उभ्यानेच पोहे खात होत्या. मी झेरॉक्स पुढे केली. त्यांनी बशी ओट्यावर ठेवली, हात पुसले आणि चारही पानं वाचली. मध्येच सोडून शेवटी गेल्या नाहीत. मला तेव्हाही वाटलं, हीच तर अडचण आहे.

"हे तुझं लिखाण होतं ना?"

"हो."

"चांगलं होतं. मला आठवतंय, वाचताना अंगावर काटा आला होता."

"ताई, तुम्ही मतदान मागितलं नाहीत."

"नाही मागितलं," त्या म्हणाल्या. मग झेरॉक्स ओट्यावर ठेवत, "खाली बसले तेव्हा मला वाटलं, झालं. खूप छान वाटत होतं. शेजारच्या पक्षातल्या दोघी येऊन म्हणाल्या, काय सुंदर बोललात."

त्यांनी पोह्याची बशी परत घेतली नाही. मी वाट बघत होते की त्या आता सरांसारखं काहीतरी म्हणतील, आणि मग मी कार्यअहवाल त्यांच्या ओट्यावर ठेवून निघून जाईन. तयारीतच आले होते.

"वस्तीत काय माहीत आहे लोकांना?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही एकटीने विरोधात मत दिलं, असं."

"मी असं कधी म्हटलं?"

"तुम्ही नाही. मावशी सांगतात सगळीकडे. पण तुम्ही कधी नाही पण म्हणाला नाहीत."

"मला वाटायचं दिलंच की." त्या स्टुलावर बसल्या. "मावशींना सांगायला हवं. छापायच्या आधी."

सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला फोन करून फक्त एवढंच म्हटलं, "अभिनंदन. आता समोरच्यांना प्रचार करायला नको." आणि ठेवला.

वस्तीत बायका भेटायची वेळ दुपारी दोन ते चार, सकाळची कामं संपल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी. वाहनतळाच्या भिंतीच्या सावलीत सतरंजी टाकली. बारा-पंधरा जणी आल्या. कुणी डोकं चोळत, कुणी मांडीवर पोर घेऊन. पाळणाघर गेल्यापासून मावशीही दोन घरची धुणीभांडी करत होत्या. त्या सगळ्यात पुढे बसल्या, पत्रकांचा गठ्ठा घ्यायला आल्यासारख्या.

ताई उभ्या राहिल्या. "मैत्रिणींनो, आज देशात जी परिस्थिती आहे..."

मी डोळे मिटून घेतले. आता मात्र माझा स्वतःवरचा, त्यांच्यावरचा आणि आमच्या संपूर्ण परंपरेवरचा विश्वास संपला होता.

"ताई," मावशी म्हणाल्या, "परिस्थिती म्हाईत हाय. चारला मला पोचायचंय. पाळणाघराचं सांगा."

ताई थांबल्या. हातातला कागद घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "पाळणाघराचा ठराव आला तेव्हा मी विरोधात बोलले. पण विरोधात मत दिलं नाही. मत मागून घ्यावं लागतं, ते मी मागितलं नाही. कागदावर असं आहे की सगळ्यांनी मिळून मंजूर केलं. सगळ्यांत मी पण आहे."

मागून एक जण म्हणाली, "म्हंजे तुमी हात वर केलाच न्हाई?"

"नाही केला."

"का?"

"चुकलं."

मी म्हटलं, "ताईंची एकटीची चूक नाही. भाषण मी लिहून दिलं होतं. त्यात ते वाक्य घालायला हवं होतं."

माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मावशी ताईंकडे बघत होत्या.

"हात वर केला आस्ता तर पाळणाघर ऱ्हायलं आस्तं का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "बाकी सगळे त्यांचेच होते. पाळणाघर गेलंच असतं."

"मग जाऊद्या की मावशी," एक जण म्हणाली. "गेलंच आस्तं तर मग काय."

"तुजं जातंय काय बोलायला," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा झाला नव्हता, उलट खाली आला होता. "मी माझ्या जावेशी बोलत न्हाई. किती वर्सं झाली. तिचा नवरा त्या दुसऱ्या पार्टीत. तो म्हणायचा, तुमची ताई बी त्यातच हाय, सगळ्यांनी मिळून केलंय. मी त्याच्या दारात जाऊन त्याला खोटारडा म्हणून आले. चार माणसांत. जावेच्या पोरीचं लगीन झालं, मी गेले न्हाई. खोटारड्याच्या मांडवात कशाला जायचं म्हणून." त्या थांबल्या. "त्यो खरं बोलत हुता."

ताई म्हणाल्या, "मावशी, मी येते. मी सांगते त्यांना."

"तुमी कशाला? बोलले मी."

"माझ्यामुळे बोललात."

"तुमच्यामुळं न्हाई, तुमच्यासाठी बोलले. तुमी सांगितलं आस्तं तर आदीच गप बसले आस्ते. मला कुणी इचारलं बी न्हाई, मावशी, तू दारोदार काय सांगत फिरतीस." मग त्या माझ्याकडे वळल्या. "कागदात काय छापणार तू?"

मी सरांचं वाक्य, तीन बैठकांची वाक्यं, माझी कच्ची वाक्यं सगळी पिशवीत घेऊन बसले होते. त्यातलं एकही काढण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "'पाळणाघर: विरोध केला, मत दिलं नाही.' एवढंच."

"छाप तसंच. आन् मला दे."

छापलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या नेहमीच्या छापखान्यातल्या काकांनी मुद्रित बघून विचारलं, "हे तुमचंच पत्रक आहे ना? की समोरच्यांचं?" सरांनी कार्यअहवाल हातात घेतला, तक्त्यावरून बोट फिरवत त्या ओळीपाशी आले, आणि म्हणाले, "ठीक आहे. शुद्धलेखन बरोबर आहे." त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी त्यांनी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. 'तत्त्वतः विरोध' सुचवणाऱ्याने तेवढंही ठेवलं नाही.

मावशी एकदम सगळ्या वस्तीचे कागद मागायला आल्या. मला वाटलं, त्यांनी मनावर घेतलं, प्रचार करणार. मी आनंदाने बरोबर गेले. पहिल्या दाराशी मी नेहमीचं सुरू केलं, ताईंना पुन्हा निवडून द्या वगैरे, तर मावशींनी मला कोपराने बाजूला सारलं. कागद उघडून बोट ठेवलं. "ही ओळ बघ. मी तुला सांगितलं हुतं ताईनं विरोधात मत टाकलं. ते तसं नव्हतं. हे आसं हुतं." आणि पुढच्या दाराकडे. बस. प्रत्येक दारात तेवढंच. जिथे जिथे त्यांनी जुनं सांगितलं होतं तिथे तिथे जाऊन त्या ते परत घेत होत्या, आणि कोणकोणती दारं होती हे सगळं त्यांच्या लक्षात होतं. प्रचार म्हणावा तर हा आमच्या इतिहासातला सगळ्यात वाईट प्रचार होता. मला त्यांना थांबवावंसं वाटत होतं, आणि थांबवायला तोंड नव्हतं.

जावेचं दार त्यांनी शेवटी ठेवलं होतं. नळाच्या पलीकडची गल्ली. दारावर समोरच्या पक्षाचा झेंडा होता. जाऊ उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली आणि ताटातला हात तसाच ठेवला.

"घरात हाय का त्यो?" मावशींनी विचारलं.

"कामाला गेलाय."

"मग तू ऐक. त्याला सांग." आणि त्यांनी तेच सांगितलं, बोट ठेवून, त्याच शब्दांत. एक वाक्य मात्र जास्त होतं. "त्यो खोटारडा न्हाई. मी चुकले."

जाऊ बराच वेळ कागदाकडे बघत होती. तिला वाचता येत होतं की नाही मला माहीत नाही. मग तिने ताट बाजूला सरकवून मावशींना बसायला जागा केली. मावशी बसल्या. मी उभीच होते.

"मग आता मत कुणाला टाकायचं?" जावेने विचारलं. तिने माझ्याकडे बघून विचारलं, पण मी तोंड उघडायच्या आत मावशींनी ताट स्वतःकडे ओढलं आणि तांदळातला एक खडा काढून बाहेर फेकला.

"ते तुजं तू बघ," त्या म्हणाल्या. "मी आता कुणाचं सांगत न्हाई."